तक्रार कुणाकडे करायची?

बरेच दिवस हा विषय मनात घोळतोय. शनिवार आला की लॅपटॉप उघडायचा, चार ओळी खरडायच्या आणि सेव्ह न करताच फाईल बंद करायची, असं पाच-सहा वेळा तरी झालं. आज मात्र लिहूनच टाकतो. विषय साधा आहे: देवावर चिडलेल्या माणसाने चर्चला जायचं की नाही?

आम्ही नगरचे (आता कागदोपत्री अहिल्यानगर) मराठी ख्रिस्ती. नारायण वामन टिळकांची भजनं, रविवारची उपासना, जेवणाआधीची प्रार्थना, हे सगळं पिढ्यानपिढ्या अंगवळणी पडलेलं. पप्पा शाळामास्तर आणि मंडळीच्या पंचकमिटीत. एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, अकरा दिवसांत ते गेले. वय ५६.

बेड आणि ऑक्सिजनसाठी केलेली धावाधाव सांगत बसत नाही. तेव्हा घरोघरी तीच गोष्ट होती. मला सांगायचंय ते वेगळं. आमच्या मंडळीचा व्हॉट्सॲपवर प्रार्थनेचा ग्रूप होता. त्यात पप्पांचं नाव होतं आणि त्याच्याच खाली ओळखीच्या एका काकांचं. दोघांसाठी तीच माणसं, त्याच वेळेला, गुडघे टेकून प्रार्थना करत होती. पप्पा गुरुवारी पहाटे गेले. काका शुक्रवारी घरी आले. ग्रूपवर मेसेज आला, देवाने आपली प्रार्थना ऐकली, तो किती विश्वासू आहे! त्याखाली जोडलेल्या हातांची रांग.

काका वाचले याचा मला आनंदच आहे, अगदी मनापासून. पण मग आमच्या प्रार्थनेचं काय झालं? इनपुट तोच, आउटपुट वेगळा. इंजिनिअरच्या डोक्याला हे पटत नाही. आणि इंजिनिअर राहू दे बाजूला, मुलाला तर अजिबातच नाही.

फोनवर लोक समजूत घालायचे. 'देवाची इच्छा.' 'चांगली माणसं त्याला लवकर हवी असतात.' सगळी मनाने चांगली माणसं, पण प्रत्येक फोननंतर माझं डोकं आणखी तापायचं. चर्च पुन्हा सुरू झालं तेव्हा मी मम्मीला घेऊन जायचो खरा, पण भजनाच्या वेळी तोंड मिटून उभा राहायचो. एका संध्याकाळी तिच्यासमोर सगळं भडाभडा बाहेर पडलं. ती मेथी निवडत बसली होती. वर न बघता म्हणाली, "त्याच्यावर चिडलायस ना? मग त्यालाच सांग की. मला काय सांगतोस?"

झालं! त्या रात्री स्तोत्रसंहिता काढून बसलो. लहानपणी रविवारच्या शाळेत तेविसावं स्तोत्र पाठ करून घ्यायचे, मेंढपाळाचं. बाकीच्यांत काय आहे हे कधी कुणी फारसं सांगितलंच नव्हतं. १५० स्तोत्रं आहेत आणि त्यातली साधारण एक तृतीयांश चक्क गाऱ्हाणी आहेत. तेराव्या स्तोत्रात पहिल्या दोन वचनांतच चार वेळा विचारलंय, अजून किती दिवस? अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं. शेवटी एखादी आशेची ओळ येईल म्हणून मी वाट बघत होतो. येतच नाही! आणि हे कुणीतरी पवित्र शास्त्रात ठेवलं, गाळलं नाही. वधस्तंभावर येशूने देवाला 'मला का सोडलंस' असं विचारलं, ते शब्दही बाविसाव्या स्तोत्राचेच.

मग ईयोब. ४२ अध्याय. त्याचे मित्र पहिले सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ नुसते बसून राहतात. माझ्या मते त्यांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम तेच. त्यानंतर ते देवाची बाजू मांडायला लागतात आणि सगळं बिघडतं. शेवटी देव रागावतो तो तक्रार करणाऱ्या ईयोबावर नाही, तर या वकिली करणाऱ्या मित्रांवर. तुम्ही ईयोबासारखं माझ्याविषयी खरं बोलला नाहीत, असं त्यांना सुनावतो. मात्र ईयोबाला 'का'चं उत्तर मिळत नाही, हेही तितकंच खरं.

हे वाचताना पंडिता रमाबाई आठवल्या. १८७४ मध्ये, दुष्काळाच्या दिवसांत, काही महिन्यांच्या आत आई, वडील आणि बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये नवरा. ख्रिस्ती झाल्या त्यानंतर, १८८३ मध्ये. म्हणजे विश्वास ठेवला आणि दुःख संपलं, अशीही गोष्ट नाही, कारण १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली आणि १९२२ मध्ये त्या स्वतः. अखेरच्या वर्षांत त्या केडगावला मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणत होत्या. त्यांच्या मनात काय चाललं असेल, मी सांगू शकत नाही. पण इतकी माणसं गमावलेल्या बाईने ईयोबाच्या तक्रारीसाठी एकेक मराठी शब्द शोधला असेल, हा विचार मनातून जात नाही.

तर मुद्दा असा. ज्याला सॉफ्टवेअरमध्ये रस उरत नाही तो बग रिपोर्ट लिहीत बसत नाही, सरळ अनइन्स्टॉल करतो. माझा एक जवळचा मित्र अशाच एका प्रसंगानंतर विश्वास सोडून गेला. मी त्याला दोष देत नाही, त्याचंही दुःख खरंच आहे. मी मात्र भांडत राहिलो. आणि भांडण कुणाशी तरीच करता येतं ना? रिकाम्या खोलीशी कोण भांडतं? माझ्यासाठी ती चिडचिड हीच त्या काळातली प्रार्थना होती. दुसरी कुठली जमतच नव्हती.

आता भजन म्हणतो, सगळी नाही. काही ओळींना अजून गप्प बसतो. कुणाकडे दुःखाच्या प्रसंगी गेलो तर 'देवाची इच्छा' म्हणत नाही, शेजारी बसतो, चहाचं बघतो. आमचं तिकीट अजून ओपनच आहे. 'वर्क्स ॲज डिझाइन्ड' म्हणून कुणी ते बंद करायला आलं तर मी परत रीओपन करणार!

असो. उद्या रविवार. नऊची उपासना आहे आणि मम्मीला उशीर झालेला चालत नाही.