गंगाबल : आधी परतीची वेळ ठरवा

काश्मीरला जाणारी आपली कुटुंबे बहुधा दल सरोवर, गुलमर्ग आणि पहलगाम पाहून परततात. मुले मोठी झाली असतील आणि गुडघे साथ देत असतील, तर गांदरबल जिल्ह्यात हरमुख पर्वताच्या पायथ्याशी असलेली नुंदकोल आणि गंगाबल ही दोन तळीही पाहावीत. मात्र तिथे गाडी जात नाही. नारानाग या गावातून पायीच चढावे लागते. बहुतेक लोक तंबू घेऊन दोन-तीन दिवसांत ही वाट करतात. गणपतीच्या सुट्टीत आमच्या हाती एकच दिवस होता. बरोबर अकरावीतली मुलगी होती आणि आम्हा दोघांपैकी एकाला मधुमेह. त्यामुळे निघण्याआधी वहीत गणित मांडले.

आपले सर्वांत उंच शिखर कळसुबाई, १,६४६ मीटर. नारानाग गावच २,१०० मीटरच्या आसपास आहे. गंगाबल सुमारे ३,५७० मीटरवर. म्हणजे एका दिवसात जवळजवळ दीड किलोमीटर उभी चढण, आणि चाल एका बाजूची सुमारे १५ किलोमीटर. पायी चालण्याचा एक जुना हिशेब आहे. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो १८९२ मध्ये मांडला : सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. त्याप्रमाणे आमची चढण सुमारे साडेपाच तासांची झाली. पण साडेतीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशच असतो. श्वास लवकर लागतो. म्हणून वेळ वाढवून सात तास धरले आणि उतरायला पाच. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिथे सात वाजता सूर्य मावळतो. फजर पढून पाच वाजता विजेरीच्या उजेडात निघायचे आणि साडेबाराला, जिथे असू तिथून, मागे फिरायचे. सूर्यास्तापर्यंत दीड तास राखीव. घड्याळ मुलीच्या हाती दिले आणि तिचाच शब्द शेवटचा, असे ठरले.

तयारी दोन महिने आधी सुरू केली. रोज संध्याकाळी पाठीवर सामान घेऊन चाललो, रविवारी खेडजवळचा रसाळगड चढलो. डॉक्टरांना विचारून औषधांच्या वेळा बदलून घेतल्या. “मुलीला डोंगरात कशाला नेता?” असे घरातल्या वडीलधाऱ्यांनी विचारले, तेव्हा वहीच पुढे ठेवली. अब्बांनी ती वाचली आणि एवढेच म्हणाले, “राखीव वेळ मोडू नका.”

श्रीनगरहून थेट चढायला न जाता आधी दोन रात्री सोनमर्गला राहिलो. ते २,७०० मीटरच्या आसपास आहे, शरीराला विरळ हवेची सवय होते. डोके दुखणे, मळमळ, चक्कर ही उंची बाधल्याची लक्षणे. त्यांवर खरा उपाय एकच, खाली उतरणे. एकाला त्रास झाला तर तिघांनीही परतायचे, हेही आधीच बोलून ठेवले. प्रत्येकाच्या पिशवीत पावसाळी कोट, लोकरीचा कपडा, विजेरी, खजूर, उकडलेली अंडी, स्थानिक गिर्दा रोटी, मीठ-साखरेच्या पुड्या आणि पाणी. मधुमेहाच्या माणसाच्या खिशात साखर वेगळी. वाट खुली आहे का याची चौकशी केली, ओळखपत्रे घेतली आणि गावातला वाटाड्या ठरवला. माणसे किती, हे विचारण्याआधी त्याने विचारले, “वापसी कितने बजे?” आमचे उत्तर ऐकून तो तयार झाला.

नारानागला प्राचीन दगडी मंदिरांचे अवशेष आहेत. तिथून सुरुवातीलाच जंगलातली उभी चढण लागते आणि सगळा दम तीच काढते. वर गेल्यावर झाडे संपतात, कुरणे सुरू होतात, उन्हाळ्यात आलेल्या गुज्जर-बकरवालांचे कोठे दिसतात. समोर ५,१४२ मीटर उंचीचा हरमुख. याच डोंगरावरून १८५६ साली माँटगोमेरी या मोजणी अधिकाऱ्याने दूरच्या काराकोरममधली दोन शिखरे टिपली आणि त्यांना के-१, के-२ अशी नावे दिली. वर्गात के-२ शिकवताना यापुढे हा डोंगर डोळ्यांपुढे येईल.

नुंदकोलच्या काठावर पोहोचलो तेव्हा बारा वाजून वीस मिनिटे झाली होती. हिरवट निळे पाणी आणि त्यावर हरमुखचा हिमाचा पट्टा. गंगाबल मोठे तळे, ते समोरच्या टेकाडापलीकडे. त्याचेच पाणी नुंदकोलमध्ये येते आणि पुढे वांगथच्या ओढ्याने सिंध नदीला मिळते. आम्हा दोघांची नजर टेकाडाकडे गेली. मुलीने घड्याळ दाखवले. तिचेही डोळे भरले होते, पण ती म्हणाली, “अम्मी, साडेबारा.” फिरलो. जुहर खाली त्रुंखोलच्या कुरणावर पढलो.

तीन वाजता पाऊस आला. जंगलातली वाट निसरडी झाली, पावलागणिक काठी टेकावी लागली. नारानागला पोहोचलो तेव्हा सहा चाळीस झाले होते. राखीव नव्वद मिनिटांपैकी सत्तर संपली होती. टेकाड चढून गेलो असतो तर ते जंगल अंधारात उतरावे लागले असते.

तुम्ही जाणार असाल तर जुलै ते सप्टेंबर हा काळ बरा. शक्य असेल तर दोन दिवस काढा आणि वर मुक्काम करा, म्हणजे दोन्ही तळी निवांत पाहता येतील. गंगाबल काश्मिरी पंडितांसाठी पवित्र आहे, ते तिथे अस्थी विसर्जित करतात. काठावर कागद, प्लॅस्टिक काहीही टाकू नका. आणि एकच दिवस असेल, तर परतीची वेळ घरीच लिहून न्या. वर पोहोचल्यावर ती ठरवायला बसलात, तर तळेच ठरवते.