मामाची कुलपं

मी कॉन्व्हेंटची. एकोणसत्तर म्हणजे सिक्स्टी नाइन की सेव्हंटी नाइन, हे अजूनही बोटं मोजून ठरवते. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. त्याहून मोठी एक चूक पुढे कबूल करायची आहे.

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला मामाकडे गेले होते. मामा एका कंपनीत इन्फर्मेशन सिक्युरिटीत आहे. मला वाटायचं, काळ्या स्क्रीनवर हिरवी अक्षरं पळत असणार! प्रत्यक्षात तो दिवसभर संशयास्पद ई-मेल तपासतो, लोकांच्या मागे लागून पासवर्ड बदलून घेतो आणि घरी आला की नातेवाइकांचे फोन घेतो. "अरे, बँकेचा मेसेज आलाय, खरा आहे का रे?"

रविवारी मात्र फोन बंद. जुन्या बाजारातून आणलेली कुलपं घेऊन तो बाल्कनीत बसतो आणि किल्लीशिवाय, एका तारेने नि पट्टीने उघडतो. हा त्याचा छंद. मामी म्हणते, "नोकरी गेली तरी उपाशी मरणार नाही आपण."

"आत पाच पिना आहेत, स्प्रिंगवर," मामा सांगत होता. "सगळ्या एका रेषेत आल्या की कुलूप फिरतं." ते एक कुलूप उघडायला त्याला वीस मिनिटं लागली. "चोर एवढी मेहनत घेत नाही गं. तो बेल वाजवतो आणि किल्ली मागतो."

मला ठसकाच लागला. महिन्यापूर्वी मीच किल्ली दिली होती.

सायकल विकायला ऑनलाइन टाकली होती, साडेतीन हजारांना. एकाचा फोन आला. मिलिटरीत आहे म्हणाला. काय सुंदर इंग्लिश बोलत होता! आधी पाच रुपये पाठवले, ते खरंच आले. मग क्यूआर कोड पाठवला, "स्कॅन करा, पैसे जमा होतील." मी स्कॅन केला, पिन टाकला, साडेतीन हजार गेले. "सॉरी मॅडम, चुकून झालं, परत करतो, पुन्हा स्कॅन करा." मी पुन्हा केला! सात हजार. मेसचे पैसे. आणि मी कॉम्प्युटरची विद्यार्थिनी.

कोणाला सांगितलं नाही. रूममेटलाही नाही. महिनाभर एक वेळ मॅगी खाल्ली.

मामाला सगळं सांगितलं, तेव्हा तो हसला नाही. म्हणाला, "पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, द्यायलाच लागतो. पण ते जाऊ दे. त्याच दिवशी १९३० ला फोन का नाही केलास?"

"लाज वाटली."

"तीच तर त्याची कमाई. लगेच कळवलं तर पैसे वाटेत अडवता येतात. एकदा काढून घेतले की संपलं." मग हळूच म्हणाला, "आमच्या ऑफिसात आम्हीच खोटे मेल पाठवून लोकांची परीक्षा घेतो. गेल्या वर्षी सहकाऱ्याने केलेल्या मेलवर मीच क्लिक केलं. दमलो होतो. पिना सगळ्यांनाच असतात गं. कोणाची घाई, कोणाची भीती. तुझी इंग्लिश."

त्या रात्री बाबांना फोन केला. ते रागावले नाहीत. "एवढे दिवस जेवलीस काय?" एवढंच विचारलं. मग मात्र मला रडू आलं.

तक्रार नोंदवली, पण पैसे आले नाहीत. खोलीच्या दारामागे आता १९३० लिहिलंय. मिठाच्या सत्याग्रहाचं साल, विसरणं शक्य नाही. मित्रमैत्रिणींनो, फसलात तर आधी तिथे फोन करा, लाजायला नंतर भरपूर वेळ आहे.

आणि हो, सायकल अजून विकायची आहे. रोख घेऊन या.