बुडीत खातं

आमच्या बिलोलीकरांना पाण्याचं भारी कौतुक. जे घरात नसतं त्याचंच माणसाला कौतुक असतं, त्यातलाच हा प्रकार. तालुक्याच्या कडेनं मांजरा वाहते, पण तिची कीर्ती पाण्यापेक्षा वाळूबद्दल जास्त. शेजारच्या धर्माबाद तालुक्यात गोदावरीवर बाभळीचा बंधारा आहे. त्याचे दरवाजे सुप्रीम कोर्टाच्या २०१३ च्या निकालाप्रमाणे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात. म्हणजे पाऊस असतो तेव्हा दरवाजे उघडे, आणि दरवाजे लागतात तेव्हा पाऊस गेलेला. बँकेच्या वेळांना नावं ठेवणाऱ्या गिऱ्हाइकांना मी हटकून बाभळीचं उदाहरण देतो.

तर सांगायची गोष्ट अशी, की यंदा दिवाळीनंतर मी घरात जाहीर केलं, ‘‘पैठणला जाऊ. नाथसागर बघू.’’ सातवीत असताना शाळेच्या सहलीबरोबर मी तिथं गेलो होतो. रंगीत कारंजी आणि हरवलेली एक चप्पल, एवढंच आता आठवतं. चिरंजीवांनी उडी मारली. सौभाग्यवतींनी खर्च विचारला. आणि कोपऱ्यात तांदूळ निवडत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, ‘‘मी पण येते की.’’

मी जरा चपापलो. गुडघ्यांच्या नावाखाली सासूबाई गल्लीतल्या मारुतीलासुद्धा जात नाहीत. पण मग लक्षात आलं. नाथसागर ही आमच्या दृष्टीनं सहलीची जागा होती. त्यांचं ते माहेर होतं.

पैठण तालुक्यातलं, अगदी गंगेच्या काठावरचं त्यांचं गाव. गोदावरीला तिकडं गंगाच म्हणतात. धरणाचं काम चाललं होतं त्या वर्षांत त्यांचं लग्न झालं. त्यांचा मांडव हा त्या गावातला शेवटचा मांडव. पहिल्या माहेरपणाला त्या गेल्या त्या नव्या गावठाणात. तिथल्या गल्ल्या लेजरच्या रकान्यांसारख्या सरळ, आणि ओळखीचं झाड एकही नाही. वडिलांना मावेजा मिळाला होता. तो कधी आला आणि कधी संपला, हे कुणालाच नीट आठवत नाही. त्यामुळे सौभाग्यवतींनी आपलं आजोळ कधी पाहिलंच नाही. लग्न नवीन होतं तेव्हा मी एकदा विनोद केला होता, ‘‘लोकांचे पैसे पाण्यात जातात, आमच्या सासूबाईंचं अख्खं माहेर पाण्यात गेलं!’’ त्या रात्री मला जेवायला वाढलं नाही, असं नाही. पण वाढणारीनं भाजीचं पातेलं माझ्या ताटाजवळ येऊ दिलं नाही.

जीपमध्ये मी चिरंजीवांना माहिती सांगायला घेतली. कॉमर्सच्या माणसानं भूगोल सांगितला की तो जमाखर्चासारखाच येतो. पैठणच्या एकनाथ महाराजांच्या नावाचा हा नाथसागर म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, १९७६ साली इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. दरवाजे २७. धरणाची लांबी सुमारे १० किलोमीटर, कारण अडवायला इथं डोंगरांची खिंड नाही, सगळा सपाट मुलूख. त्यामुळे पाणीसुद्धा ताटात ओतलेल्या पातळ वरणासारखं पसरलेलं: लांबी सुमारे ५५ किलोमीटर, रुंदी २७ पर्यंत.

‘‘आणि साठा?’’ चिरंजीव.

‘‘सुमारे १०२ टीएमसी. त्यातले २६ मृत साठ्याचे. म्हणजे आमच्या भाषेत मिनिमम बॅलन्स. खात्यावर दिसतो, पण काढायचा नसतो. बाकीचे ७६ चालू खात्यात. नाशिक-नगरकडचा पाऊस हा भरणा. शेतीचे कालवे आणि संभाजीनगर, जालन्याचे नळ ही उचल. आणि उन्हानं वाफ होऊन जातं ते पाणी म्हणजे सर्व्हिस चार्ज. कुणालाही न विचारता कापला जातो, आणि पाणी पसरट म्हणून भरपूर कापला जातो. २०१६ च्या उन्हाळ्यात तर मिनिमम बॅलन्सलाही हात लावायची वेळ आली.’’

या दृष्टांतावर मी स्वतःच खूष झालो होतो. इतक्यात मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, ‘‘जावईबापू, तुमचं ते टीएमसी राहू द्या. आमचं घर किती खोल आहे, तेवढं सांगा.’’

तो आकडा माझ्याकडे नव्हता.

धरण पाहून आम्ही नव्या गावठाणात सासूबाईंच्या भाच्याकडे उतरलो. त्यानं ओळखीच्या एका मासेमाऱ्याची होडी ठरवून ठेवली होती. आता, मी बीकॉम आहे. पोहणं आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं. जॅकेट आधी स्वतः घट्ट बांधलं आणि मग चिरंजीवांना म्हणालो, ‘‘घाबरायचं नाही बरं का!’’ सासूबाई मात्र एका हातानं पदर आणि दुसऱ्या हातानं कापडी पिशवी सावरत अशा चढल्या, की त्यांचे गुडघे नेमके कोणत्या तारखांना दुखतात, याबद्दल मला प्रथमच शंका आली.

होडी आत गेली. पलीकडचा काठ दिसेना. हे तळं आहे यावर विश्वास बसेना. १९८६ पासून हे पक्ष्यांचं अभयारण्य आहे. थंडीत करकोचे येतात, रोहित येतात, चक्रवाक येतात. चिरंजीव पक्षी मोजत होते, सौभाग्यवती फोटो काढत होत्या, आणि मी होडीत किती पाणी आलंय ते बघत होतो. सासूबाई तेवढ्या खाली बघत होत्या.

बराच वेळानं होडीवाल्यानं वेग कमी केला. ‘‘इथं जपून जावं लागतं साहेब,’’ तो म्हणाला, ‘‘खाली भिंती हायेत. जाळं अडकतं.’’

सासूबाईंनी मान वर केली. ‘‘कुठं कुठं अडकतं रे बाबा?’’

त्यानं हातानं दाखवलं. इथं एकदा, तिथं वारंवार, आणि त्या तिकडं तर कायमच.

‘‘मग तिथं पार,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘पारासमोर मारुती. आणि हे जिथं आपण आहोत, ही आमची गल्ली.’’ होडीवाला पोरसवदा होता, गाव बुडालं तेव्हा जन्मलाही नव्हता. पण दोघांनी मिळून पाच मिनिटांत गाव उभं केलं. त्यानं अडणारी जागा सांगायची, हिनं घर सांगायचं. सौभाग्यवतींचा फोन कधीच खाली गेला होता. चाळिशी उलटल्यावर ती आजोळी पोचली होती, आणि उतरायला जागा नव्हती.

सासूबाईंनी पिशवीतून खण, नारळ, तांदूळ काढले. बिलोलीत निवडलेले तेच तांदूळ. ओटी पाण्यात सोडली आणि म्हणाल्या, ‘‘लेकीनं माहेरी रिकाम्या हातानं जाऊ नये.’’ मग चिरंजीवांच्या डोक्यावरून हात फिरवून, ‘‘हा तुझा पणतू ग,’’ असं कुणाला तरी खाली सांगितलं. मी कुणाला ते विचारलं नाही. जॅकेटची दोरी उगाच सोडून पुन्हा बांधली.

परतताना त्या एकच बोलल्या, ‘‘पाणी चांगलं भरलंय. लोकांना पुरेल.’’ बोलण्यात तक्रार नव्हती. मी मात्र जीपमध्ये हिशेब मांडत बसलो. शंभर टीएमसीची पासबुकं सगळे बघतात. पण हे खातं उघडताना पहिला भरणा कुणाचा होता, ते पान कुणी उलटत नाही.

सोमवारी बँकेत गेलो तर टेबलावर बुडीत खात्यांची यादी. कित्येक वर्षं वसुली नाही, ती खाती आता माफीखर्ची टाकायची. निम्मी यादी भराभर तपासली आणि मग पेन थांबलं ते थांबलंच.

‘‘काय झालं हो?’’ साहेबांनी विचारलं.

‘‘काही नाही साहेब,’’ मी म्हणालो, ‘‘जाळं अडकलं.’’