ताम्हिणीच्या वाटेवर हायब्रीड गाडीचा हिशेब

पुण्याहून म्हसळ्याला जायला पावसाळ्यात खरे तर एकच वाट उरते. वरंध घाट बहुधा बंद असतो, एक्स्प्रेसवेने पनवेल गाठून खाली यावे तर फेरा लांबचा. म्हणून कोंढव्यातून निघायचे, चांदणी चौक, पिरंगुट, पौड, मुळशी करत ताम्हिणी उतरायचा, निजामपूरवरून माणगाव आणि मग मोर्ब्याच्या रस्त्याने म्हसळा. एका बाजूचे दीडशेच्या आसपास किलोमीटर. अब्बा म्हसळा तालुक्यातल्या आमच्या गावी एकटे राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, आणि पुण्याला कायमचे यायला तयार नाहीत. दर पंधरा दिवसांनी आमची खेप ठरलेली, आणि आमच्या जुन्या गाडीला तेरा वर्षे झालेली. नवी घ्यावी लागणार हे दिसत होते. प्रश्न होता कोणती घ्यायची याचा.

"हायब्रीडच घ्या, डोळे मिटून घ्या," असे दुल्हेभाईंचे म्हणणे. ते बरीच वर्षे दुबईत होते. तिथल्या टॅक्सींमध्ये हायब्रीडच जास्त, त्या रात्रंदिवस पळतात आणि तरी बॅटरीची तक्रार कोणी करत नाही, असे ते सांगतात. इथे परतल्यावर त्यांनी स्वतः हायब्रीड घेतली. डोळे मिटून घेण्याइतका पैसा आमच्याजवळ नाही, हे त्यांनाही ठाऊक होते. म्हणून गणपतीच्या आधीच्या शनिवारी त्यांनी आपली गाडी आमच्या हवाली केली. जा, अब्बांना घेऊन या, मग बोलू.

निघण्याआधी पंपावर टाकी फुल केली. गाडीच्या पडद्यावरचा अ‍ॅव्हरेज आम्ही मानत नाही. टाकी फुल ते टाकी फुल, हाच खरा हिशेब.

हायब्रीड म्हणजे काय, हे आमच्या शिक्षकखोलीतही अनेकांना नीट माहीत नाही, म्हणून दोन ओळी. या गाडीत पेट्रोलचे इंजिनही असते आणि विजेची मोटरही. प्लग लावून चार्ज करायची सोय नसते आणि गरजही नसते. ब्रेक लावला की चाकांचा जोर वाया न जाता त्याची वीज होऊन बॅटरीत जाते, आणि हळू चालताना तीच वीज चाके फिरवते. बॅटरी मात्र लहानशी. हायराइडर आणि ग्रँड व्हिटारा या गाड्यांच्या हायब्रीडमध्ये ती जेमतेम 0.76 युनिटची आहे, म्हणजे घरातला दीड टनाचा एसी अर्धा तास चालेल एवढी. पूर्ण विजेवर चालणाऱ्या गाडीत तीस-चाळीस युनिटांची असते. आणखी एक सावधगिरी. काही गाड्यांवर ‘स्मार्ट हायब्रीड’ असे लिहिलेले असते. त्यात मोटर इंजिनाला थोडा हातभार लावते, एकट्याने गाडी ओढत नाही. शोरूममध्ये दोन्हींचे नाव एकाच दमात घेतले जाते, तेव्हा नेमके विचारून घ्यावे.

मुळशीच्या पुढे ढग रस्त्यावर उतरले होते. हे धरण टाटांनी बांधले. त्याच्या पाण्याखाली जाणाऱ्या गावांसाठी 1921 मध्ये सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, हे आपण पाठ्यपुस्तकात शिकवतो. पण पाणी कुठे जाते हे मुलांना विचारले तर सगळे पुण्याकडे बोट करतात. ते जाते उलट्या बाजूला, सह्याद्रीच्या कड्यावरून खाली कोकणात, भिऱ्याच्या वीजघरात. 1927 पासून ते तसेच पडते आहे आणि वीज बनते आहे. ताम्हिणी उतरताना आमची गाडीही तेच करत होती. पाय ब्रेकवर टेकला की पडद्यावरचा बाण चाकांकडून बॅटरीकडे वळे, आणि मागे बसलेली धाकटी मोठ्याने सांगे, "भरतेय, भरतेय!"

पण भिऱ्याच्या वर मुळशीचा तलाव आहे, आमच्याकडे होता एक डबा. घाट अर्धाही उतरला नव्हता तोच बॅटरी भरली आणि वीज ठेवायला जागा राहिली नाही. मग गाडीने इंजिन मोठ्याने फिरवून वेग आवरायला सुरुवात केली. तो आवाज ऐकून पहिल्यांदा चालवणारा दचकतोच. दुल्हेभाईंनी आधीच सांगून ठेवले होते की उतारावर गिअर ‘बी’वर टाका आणि आवाजाकडे लक्ष देऊ नका. एवढ्या मोठ्या उतारावरची बरीचशी ताकद अशी हवेतच जाते. कंपनीच्या कागदावर लिटरला 27.97 किलोमीटरचा आकडा असतो. त्या कागदात ताम्हिणी नाही.

तिची खरी कमाई दिसली ती माणगावला. मुंबईहून निघालेले चाकरमानी, महामार्गावर दोन्ही बाजूंनी गाड्यांच्या रांगा. सव्वा तास आम्ही मुंगीच्या पावलांनी सरकत होतो. शेजारच्या गाड्या धुरकटत होत्या. आमचे इंजिन बहुतेक वेळ बंद, एसी मात्र चालू, कारण तो विजेवर चालतो. साध्या गाडीचा अ‍ॅव्हरेज जिथे सगळ्यात जास्त पडतो, तिथे ही गाडी सगळ्यात जास्त कमावते. उलट मोकळ्या रस्त्यावर एका वेगाने जाताना दोघींतला फरक बराच कमी होतो.

गावी पोहोचलो तर अब्बांनी न्यायचे सामान ओट्यावर मांडून ठेवले होते. नारळ, तांदळाचे दोन कट्टे, श्रीवर्धनकडची रोठा सुपारी. डिक्की उघडली आणि सगळे गप्प झाले. बॅटरी मागे बसवलेली असल्याने या गाडीची डिक्की साध्या पेट्रोलच्या गाडीपेक्षा लहान आहे. एक कट्टा मागच्या सीटवर ठेवावा, तर तिथे बॅटरीला थंड हवा जाण्याची जाळी. ती झाकायची नाही. धाकटीच्या पायाशी कट्टा आणि मांडीवर सुपारी, असे परतीचे गणित बसले.

मग विजेचीच गाडी का नको? तिला जीएसटी 5 टक्केच आहे, आणि चार मीटरपेक्षा लांब हायब्रीडला 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के. शहरातल्या शहरात वापरायची असती तर आम्हीही तिचाच विचार केला असता. पण 3 जून 2020 चे निसर्ग वादळ आमच्या भागाने अंगावर घेतले आहे. नारळी-पोफळीच्या वाड्या झोपल्या, विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावांनी आठवडेच्या आठवडे अंधारात काढले. ते वादळ रोज येत नाही, पण पावसाळ्यात वीज रोज जाते. अब्बांना रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर गाडी चार्ज आहे की नाही हे बघत बसणे आम्हाला परवडणारे नाही.

दुरुस्तीचे मात्र काळजीत टाकते. गावातला मेकॅनिक हुशार आहे, आमच्या जुन्या गाडीचे इंजिन त्याने दोनदा खोलले. बॉनेटखालच्या नारिंगी वायरी बघून त्याने हात मागे घेतला. "याला मी शिवणार नाही, हा शॉक माणूस मारतो." ते बरोबरच आहे. हायब्रीडच्या बॅटरीची वॉरंटी 8 वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटर असते, आणि ब्रेकचे पॅड साध्या गाडीपेक्षा जास्त टिकतात. नवव्या वर्षाचा खर्च ज्याचा त्याने सोसायचा.

परतताना घाट चढावर. बॅटरी लवकर संपली, सगळी ओढ इंजिनावर आली. अब्बांना या घाटात नेहमी उलटी होते, म्हणून पिशव्या तयार ठेवल्या होत्या. गिअरचा झटका नाही, थांबणे-सुटणे अगदी मऊ. निव्याच्या आसपास बघितले तर अब्बा झोपले होते. त्या अर्ध्या तासासाठी आम्ही पावणेतीन लाख द्यायला तयार होतो, खोटे कशाला बोलावे. पण झटका न बसणे ही ऑटोमॅटिकची कमाई. तेवढी साध्या पेट्रोलच्या ऑटोमॅटिकमध्येही मिळते, हायब्रीडइतकी मऊ नसेल, एवढेच.

कोंढव्यात टाकी पुन्हा फुल केली. 308 किलोमीटरला 14 लिटर, म्हणजे लिटरला 22. त्याच आकाराची पेट्रोल ऑटोमॅटिक या वाटेवर 15 देते, असे ती वापरणाऱ्या दोन सहकाऱ्यांकडून कळले. आमचे वर्षाचे फिरणे 12,000 किलोमीटर. साधी गाडी 800 लिटर पिणार, हायब्रीड 545. लिटरला 104 रुपये धरले तर वर्षाला साडेसव्वीस हजार वाचतात. कोटेशनमधला ऑन रोड फरक पावणेतीन लाखांचा. तो भरून निघायला दहा वर्षांहून जास्त लागतात, म्हणजे वॉरंटी संपून दोन वर्षे उलटल्यावर. दुल्हेभाई वर्षाला 30,000 किलोमीटर फिरतात, त्यातले निम्मे शहराच्या गर्दीत. त्यांचे पैसे चार वर्षांत वसूल. त्यांचा सल्ला त्यांच्या जागी अगदी खरा आहे.

व्याजाचे कर्ज काढायचे नाही हे आमच्या घरात ठरलेले, म्हणून हे पावणेतीन लाख हप्त्यांत विरघळणारे नव्हते. ते साठवलेल्या पैशातून एकरकमी जाणार होते, आणि त्याच पैशावर थोरल्या लेकीच्या बी. फार्मच्या पुढच्या दोन वर्षांची फी अवलंबून आहे. ती म्हणाली, "हायब्रीड घ्या, मी शिष्यवृत्तीचा फॉर्म भरते." फॉर्म तिने भरावाच. गाडीचा हिशेब त्यावर टाकायचा नाही, असे आम्ही दोघांनी ठरवले.

साधी पेट्रोल ऑटोमॅटिक बुक केली आहे. दुल्हेभाई दोन दिवस रुसले, मग स्वतःच आमच्यासोबत शोरूमला येऊन मॅट आणि सीटकव्हर फुकटात मिळवून दिले. अब्बांना फोनवर सांगितले तर त्यांनी अ‍ॅव्हरेज विचारला नाही. डिक्कीत दोन्ही कट्टे मावतील ना, एवढेच विचारले.