चौदा वर्षं पूर्ण

पुणे, ८ जून २०२५

चि. चिऊस,


अमेरिकेच्या नागरिकत्वाच्या परीक्षेची ती शंभर प्रश्नांची यादी दादानं मला पाठवली. लहानपणी एकोणतीसचा पाढा म्हणायला लावला की तुझ्या पोटात दुखायचं. आता बस पाठ करत. घटनादुरुस्त्या किती? सत्तावीस. मताधिकाराबद्दलच्या चारांपैकी एक सांगा. १८७० साली वर्णाची आडकाठी कागदावर निघाली, १९२० साली बायकांची, मग मतासाठी भरायचा कर गेला आणि १९७१ साली वय अठरावर आलं. शंभर वर्षांची भांडाभांडी, आणि उत्तर एका ओळीचं, तेही चारातलं कुठलंही चालेल!

आपल्याकडची एकच घटनादुरुस्ती निवडायची तर कुठली, असं तू विचारलंस. माझी शहाऐंशिवी, २००२ सालची. तिनं घटनेत कलम २१-अ आलं आणि सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचं मोफत, सक्तीचं शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. तुमच्या घटनेत शिक्षण हा शब्दच नाही, आणि १९७३ साली टेक्सासच्या एका खटल्यात तुमच्या सुप्रीम कोर्टानं तो मूलभूत हक्क नाही असंच सांगितलं. तेव्हा इथे आपण पुढे. पण लगेच कॉलर ताठ करू नकोस, पुढचं वाच.

मी गणिताची बाई, माझं लक्ष आधी वयाच्या आकड्यांकडे जातं. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनला निवेदन दिलं, त्यात निदान बारा वर्षांपर्यंत तरी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा असं म्हटलं होतं. सारा भरायचा कुणब्यानं आणि सरकारनं तो उधळायचा वरच्यांच्या पोरांच्या शिक्षणावर, हे त्यांचं दुखणं. १९११ साली गोखल्यांनी कलकत्त्याला कायदेमंडळात विधेयक आणलं, त्यात वय आलं सहा ते दहा. तेही आधी मुलग्यांपुरतं, तेही ज्या नगरपालिकेला झेपेल तिनंच, सरकारची परवानगी घेऊन. खर्चाचे दोन हिस्से सरकारचे, एक नगरपालिकेचा. एवढं नमतं घेऊनही १९१२च्या मार्चमध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. पडणार हे त्यांना ठाऊक होतं. अंकगणिताचं पुस्तक लिहिलेल्या माणसाला ही वजाबाकी आधीच दिसली असणार.

पुढे १९१८ साली मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांना सक्ती करायची मुभा मिळाली. तेव्हा आपल्या पुण्यात काय झालं ते तुला घरात कुणी सांगितलं नसेल. पैसे नाहीत, मुलग्यांपासून सुरू करू, मुलींचं मागाहून बघू, असं म्हणणाऱ्यांत टिळकांचा पक्ष होता. रमाबाई रानडे नि सेवासदनच्या बायका मुलींसाठी उभ्या ठाकल्या. तुमच्याकडे बायकांना मत मिळालं त्याच सुमाराला इथे पोरींना शाळेत बसवणं परवडेल का, याचा हिशेब चालला होता. आजोबांच्या खोलीत टिळकांची तसबीर होती. तिच्याखाली बसून ही गोष्ट निघणं शक्यच नव्हतं.

१९५० साली घटनेनं चौदा वर्षांपर्यंत म्हटलं आणि दहा वर्षांची मुदत घातली. पण मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे कोर्टात जाऊन मागता न येणारं. दहाची बावन्न झाली. मग दुरुस्ती आली ती सहाच्या आतली पोरं हक्कातून वगळून, आणि तिचा अंमल सुरू व्हायला १ एप्रिल २०१० उजाडला.

आता खरी गोष्ट. आपल्या मावशी आठवतात ना, भांड्यांच्या? त्यांची नात २०१७ साली पहिलीत जायची होती. शिक्षणहक्क कायद्याखाली गरीब मुलांसाठी राखलेल्या खासगी शाळांतल्या पंचवीस टक्के जागांसाठीचा फॉर्म मी माझ्या फोनवर भरला. जन्मदाखला, भाडेकरार, उत्पन्न लाखाच्या आत असल्याचा दाखला, सगळं जमलं. अडलं ते नकाशावर. घर जिथे असेल तिथे लाल फुगा टेकवायचा. मावशी राहतात जनता वसाहतीत, पर्वतीच्या उतारावर. पहिल्यांदा फुगा कालव्यात पडला, दुसऱ्यांदा टेकडीवर. "बाई, आमची गल्ली ह्यात नाहीच का?" नव्हतीच; नुसता करडा डाग. शेवटी सार्वजनिक संडास सापडला, तिथून मावशींनी बोटानं तीन घरं वर मोजली. फुगा जरा इकडचा तिकडे झाला की शाळा एक किलोमीटरच्या बाहेर जायची. लॉटरीत नाव निघालं त्या दिवशी मावशींनी पाव किलो पेढे आणले.

गेल्या वर्षी सरकारनं नियम फिरवला: किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला पंचवीस टक्क्यांतून सूट. जुलैत हायकोर्टानं तो रद्द केला. हातात २१-अ नसतं तर मावशींसारख्यांनी कशाच्या जोरावर भांडायचं होतं?

आणि यंदा त्याच २१-अची दुसरी कड लागली. पोरगी आठवी पास झाली, चौदा पूर्ण. शाळेची चिठ्ठी आली: नववीपासून पूर्ण फी. शाळेला बोल लावता येत नाही, हक्कच तिथे संपतो. अनुदानित शाळेत मुलींना बारावीपर्यंत फी नाही, पण तो राज्य सरकारचा निर्णय, घटनेतला हक्क नव्हे. शिवाय आठ वर्षं इंग्रजीत शिकलेली पोर. सेमी-इंग्रजीची तुकडी शोधतोय. उद्या अकरा वाजता शाळा सोडल्याचा दाखला आणायला मावशींबरोबर जायचंय.

काल तिनं विचारलं, ऑब्ट्यूस अँगलला मराठीत काय म्हणतात. विशालकोन म्हटलं. तिनं वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. असे चाळीसेक शब्द झालेत. तुझी परीक्षा झाली की फोन कर, फक्त आमच्या रात्री दोनला नको.

तुझी,
आत्या