हवेत थांबलेली मूठ

पाच मिनिटांत हा ग्रह फुटणार, असं खलनायक फ्रीझा बजावतो आणि त्यानंतर नामेक ग्रह फुटायला नऊ-दहा भाग लागतात. 'ड्रॅगन बॉल झी'मधली ही पाच मिनिटं ज्याने सोसली, त्याला अनंतकाळ म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. आभाळ काळवंडतं, समुद्र उसळतो, जमिनीतून लाव्हा वर येतो. नायक गोकू आणि फ्रीझा एकमेकांकडे बघत राहतात. मग दूर कुणाच्या तरी कपाळावरून घामाचा थेंब निघतो, आणि तो हनुवटीला पोचायच्या आत भाग संपतो.

अ‍ॅनिमे पाहणाऱ्याला नुसतं छेडा, वैताग बाहेर पडायला वेळ लागत नाही. हल्ला करण्याआधी त्याचं नाव ओरडून जाहीर करायचं. सेलर मूनचं रूप पालटून होईपर्यंत राक्षसाने गुणी मुलासारखं उभं राहायचं. हे मी चालवून घेतो. दशावतारात राक्षसाने नाचत प्रवेश केला तर आपण कुठे हरकत घेतो? माझं डोकं फिरतं ते लढाईच्या कडेला उभे असलेले साथीदार तोंड उघडतात तेव्हा. नायकाने वार चुकवला. मी पाहिलं. लगेच एक जण डोळे विस्फारून सांगतो की त्याने वार चुकवला. दुसरा विचारतो, कसा काय चुकवला? तिसरा त्याची मीमांसा करतो. अरे बाबांनो, मला दिसलं!

या खोडीचं मूळ शोधायला मांगा, म्हणजे मूळ जपानी चित्रकथा, हातात घ्यावा लागतो. 'ड्रॅगन बॉल'चा जनक अकिरा तोरियामा याच्या पानांवर तीच मारामारी वाऱ्यासारखी धावते. चौकटीत उगारलेली मूठ असते, भोवती शब्दांचे चार फुगे. नजर मूठ आणि शब्द जवळजवळ एकदमच टिपते आणि बोट पान उलटतं. कागदावरचा काळ वाचकाच्या बोटात असतो. तीच चौकट पडद्यावर आली, की ते शब्द कुणाला तरी उच्चारावे लागतात, आणि ते उच्चारून होईपर्यंत मूठ हवेत ताटकळत राहते. त्यातून साप्ताहिकात आठवड्याला जेमतेम वीसेक पानं छापून येणार, मालिका ती भराभर खाणार. मग फिलर, म्हणजे मूळ कथेत नसलेले भरतीचे भाग. 'नारुतो'च्या पहिल्या मालिकेच्या २२० भागांतले शेवटचे ऐंशीहून अधिक भाग असेच वेळ काढण्यासाठी रचलेले आहेत.

पडद्यावरच्या या कलेची गरिबी तर जन्मापासूनची. १ जानेवारी १९६३ला ओसामू तेझुकाचा 'अ‍ॅस्ट्रो बॉय' दर आठवड्याला दिसू लागला, तोच मुळी खर्चाहून कमी दरात विकलेला. चित्रं कमी काढायची, स्थिर चेहऱ्यावर फक्त ओठ हलवायचे, एकदा काढलेलं उड्डाण जपून ठेवायचं आणि पुनःपुन्हा वापरायचं. १९६८च्या 'क्योजिन नो होशी'त बेसबॉल हातातून सुटून फलंदाजापर्यंत पोचायच्या आत बापाचे कष्ट आठवतात, डोळ्यांत अक्षरशः ज्वाळा पेटतात. ही कथा २०१२ साली क्रिकेटचं रूप घेऊन मुंबईत आली, 'सूरज: द रायझिंग स्टार' नावाने. बरोबरच आहे, दोन चेंडूंच्या मध्ये तासभर बोलत बसायची सवय आपल्याइतकी कुणाला आहे?

फ्लॅशबॅकबद्दल मात्र माझंच मन धड एका बाजूला नाही. 'डेमन स्लेयर'चा 'इन्फिनिटी कॅसल' हा अडीच तासांहून लांब चित्रपट २०२५च्या सप्टेंबरात आपल्याकडे लागला. ऐन द्वंद्वात अकाझाचं पूर्वायुष्य उलगडतं: आजारी बाप, जिच्या उशाशी बसून राहिला ती मुलगी, विहिरीत कालवलेलं विष. गळ्याशी हुंदका येतोच. आणि तरी रागही येतो, कारण खलनायकाला माणूसपण मिळतं ते त्याचं डोकं धडावेगळं होण्याच्या सुमारास. इतका वेळ त्याला नुसता राक्षस म्हणून का ठेवलंत?

सगळंच थांबणं निरर्थक असतं असं म्हणण्याची सोय 'इव्हॅन्जेलियन'ने ठेवलेली नाही. हिदेआकी आन्नोच्या या मालिकेच्या २२व्या भागात असुका आणि रेई लिफ्टमध्ये उभ्या आहेत. एकच चित्र, जवळपास मिनिटभर. लिफ्टच्या आवाजाखेरीज काही नाही. पैसा आणि वेळ वाचतो हे उघड आहे. पण कुणी काही समजावत नाही, कुणाला घाम फुटत नाही, आणि दोघींमधला दुरावा आपल्याला सोसवेनासा होतो. या क्षणाला पान उलटून पुढे जाता येत नाही, म्हणूनच तो चालतो.

आणि हो, फिलरला शिव्या देताना मी एक भाग नेहमी वगळतो. 'ड्रॅगन बॉल झी'त बायको चीचीच्या आग्रहाखातर गोकू आणि त्याचा साथीदार पिकोलो मोटार चालवायला शिकायला जातात. मांगात याचा मागमूसही नाही. कथा तसूभरही पुढे सरकत नाही. डोक्यावर टोपी घातलेला हिरवा पिकोलो, जो डोळ्याची पापणी लवायच्या आत डोंगर उडवू शकतो, तो स्टीअरिंगमागे अवघडून बसतो. इतके दिवस लढताना पाहिलेल्या या दोघांच्या स्वभावांची गंमत त्या बिनकामाच्या वीस मिनिटांत कळते. वाटेत ते कड्यावरून कोसळणारी बस वाचवतात. परवाना मात्र दोघांनाही मिळत नाही.