जातीचा रकाना

४ मार्च, हेक्सम, नॉर्थम्बरलंड
निवारा केंद्रात आज एक करडी कुत्री आली. अंगभर काळे शिंतोडे, एक डोळा निळा, दुसरा तपकिरी. कागदावर जातीच्या रकान्यात कुणीतरी ठसठशीत अक्षरात ‘ऑस्ट्रेलियन शेफर्ड’ लिहून टाकलंय. कशावरून, तर रंगावरून! हा मर्ल रंग बॉर्डर कॉलीत असतो, रफ कॉलीत असतो, अगदी डाक्सहुंडातही असतो, आणि त्याचा मेंढ्यांशी काडीचा संबंध नाही. तपासताना तिचे केस बोटांनी विंचरून पाहिले. करड्या भागातला केस मुळापासून करडा, शेजारच्या डागातला मुळापासून काळा, आणि दोन्हींमधली कड फाटलेल्या कागदासारखी वेडीवाकडी. नाकावर गुलाबी चट्टा.

५ मार्च
पुण्याहून भाचीने फोटो पाठवला. “मावशी, सोसायटीतलं हे पिल्लू बॉर्डर कॉली आहे ना गं? गळ्याभोवती पांढरा पट्टा बघ.” तिला समजावलं. गर्भात रंगाच्या पेशी पाठीकडून निघून खाली पसरत जातात. छाती, पंजे, शेपटीचं टोक इथवर त्या पोचल्या नाहीत की ती जागा पांढरी राहते. आपल्याकडच्या गावठी कुत्र्यांतही हे सर्रास दिसतं. पिल्लू मात्र फार गोड आहे. त्याला रेबीजची लस टोचलीय का, ते आधी बघ म्हटलं.

८ मार्च
डोंगरावरच्या एका मेंढपाळाकडे गेले होते. त्यांचा कुत्रा आखूड केसांचा, तपकिरी, उभ्या कानांचा. शहरातलं कुणी त्याला कॉली म्हणणार नाही. त्यांनी शीळ घातली आणि गडी लांबून वळसा घेत कळपामागे गेला, पोट जमिनीला टेकवलं, नजर रोखली. मेंढ्या मुकाट वळल्या.

याच नॉर्थम्बरलंडमध्ये १८९३ साली अ‍ॅडम टेल्फर यांच्याकडे ओल्ड हेम्प नावाचा कुत्रा जन्मला. आजच्या जवळजवळ सगळ्या बॉर्डर कॉलींचं मूळ त्याच्यापाशी जातं. बाप रॉय मवाळ, आई मेग करड्या नजरेची, आणि पोराने दोघांचं नेमकं तेवढं उचललं. १९०६ साली मेंढपाळांनी स्थापलेली आंतरराष्ट्रीय शीपडॉग सोसायटी आजही वंशावळीत नोंद करताना रंगाची अट घालत नाही. आईबाप ठाऊक नसलेल्या कुत्र्यालाही कामाच्या परीक्षेवर तिथे जागा मिळू शकते. मला हे फार न्याय्य वाटतं. पांढऱ्या कुत्र्याला मेंढ्या जुमानत नाहीत, अशी जुनी समजूत इकडे आहे खरी, पण ती समजूतच.

१२ मार्च
एक जोडपं दवाखान्यात आलं. त्यांच्या मर्ल कुत्र्याला मर्लच मादी हवी होती, ‘पिल्लं सुरेख होतील’ म्हणून. अर्धा तास बसवून घेतलं. या रंगामागचा जनुकातला बदल २००६ साली सापडला. त्याची एक प्रत आली तर करडी नक्षी उमटते. दोन्हीकडून एकेक आली, आणि अशा जोडीच्या प्रत्येक पिल्लाच्या बाबतीत ही शक्यता चारात एक, तर पिल्लू बहुतेक पांढरंफटक होतं, अनेकदा बहिरं, कधी अधू, बारीक डोळ्यांचं. शिवाय हा बदल फक्त काळ्या-तपकिरी रंगद्रव्यावर दिसतो. पिवळसर कुत्र्यात तो लपून बसतो, मग साधा दिसणारा बापही दगा देतो. गालाच्या आतून बोळा फिरवून तपासणी होते, ती करा आणि मगच जोडी जमवा, असं बजावलं. सुरेखपणासाठी आंधळी पिल्लं जन्माला घालणं मला सहनच होत नाही.

१५ मार्च
निवारा केंद्रातल्या करडीच्या जनुक-तपासणीचा अहवाल आला. बरीचशी बॉर्डर कॉली, थोडी रफ कॉली, बाकी सरमिसळ. ऑस्ट्रेलियन शेफर्डचा मागमूस नाही. तिच्यात एमडीआर१ जनुकाची एक सदोष प्रत निघाली. कॉलींच्या घराण्यात ती बऱ्याच जणांत असते. तिच्यामुळे काही औषधं मेंदूत शिरण्यापासून नीट अडत नाहीत. रंग बघून हे कधीच कळलं नसतं. रकान्यात ‘मिश्र’ लिहिलं आणि खाली लाल शाईने: आयव्हरमेक्टिनचे मोठे डोस नकोत, जुलाबावर लोपेरामाइड नको, मेंढ्यांना जंताचं औषध दिलेलं असेल तर त्या कुरणात मोकळी सोडू नये, लेंड्या खाईल.